समस्त गावकऱ्यांची भांडी

त्या उन्हाळ्यात कवठाळीच्या विहिरीत बादली सोडली की ती तळाला टेकून खालूनच विचारायची, "कोण हाय?" कुत्री पुलाखालच्या सावलीला जीभ लावून बसायची. आणि चैत्रात वस्तीला आग लागली तेव्हा आगीलाच म्हणे इतकी तहान लागली होती, की ती आधी गावातल्या माडीवाल्या किशनरावांच्या दारात पाणी मागायला गेली. तिथं कुणी कडी काढली नाही म्हणून मुकाट परत येऊन वस्ती खात बसली. चाकूरच्या बाजारात अजून असंच सांगतात. आता बाजारातली गोष्ट म्हटल्यावर तिला थोडी फोडणी असणारच, पण खाली भाजी खरी आहे.

आग लागली ती भर दुपारी. बौद्धांची ती वस्ती, तुराट्यांचे कूड आणि वर गवताची छपरं. कामाची माणसं सगळी शिरूर अनंतपाळच्या रस्त्यावर रोजगार हमीची खडी फोडायला गेलेली. घरी होती ती सरजाबाईची सून पंचफुला, ओली बाळंतीण. तिनं एका हातानं लेकरू उचललं आणि दुसऱ्या हातानं भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर. तिसरा हात असता तर घागर आणली असती.

माणसं वाचली, पण सरजाबाई रस्त्यावरून धावत आली तेव्हा रांजण तडकून पडले होते आणि जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भांड्यांचे वितळून पापड झाले होते. तांब्यापितळेच्या घागरी तर आग यायच्या आधीच दुष्काळानं मोडीच्या भावात नेल्या होत्या. दोर जळाले, बादल्यांच्या नुसत्या कड्या उरल्या.

सरजाबाई रडली नाही. ती रागावली. तिचा राग असा होता, की कपाळावर भाकरी टाकली असती तर टम्म फुगली असती. वस्तीत नाही तरी एकही चूल शाबूत राहिली नव्हती.

गावाला पाणी टँकरनं यायचं. टँकर विहिरीत रिकामा व्हायचा आणि मग ज्याचा त्यानं आपापल्या दोरानं शेंदून घ्यायचं. वस्तीतल्या बाईनं विहिरीवर चढू नये असं आता कुणी तोंडानं म्हणत नव्हतं, कायदा होता. पण कायद्याला बादली नसते. दोर मागितला की एकीचा जुना निघायचा, दुसरीचा नेमका तुटायला आलेला असायचा. चाकूरच्या रस्त्यावर भजी तळणाऱ्या एका हॉटेलवाल्यानं मात्र न विचारता तेलाचा रिकामा डबा दिला होता, कडी लावून. एवढ्या वस्तीला तो एक डबा.

एके दिवशी तिसऱ्या प्रहरी पंचफुला विहिरीकडं गेली, लेकरू पदराच्या झोळीत बांधून. किशनरावांच्या बायकोला, साखराबाईला, तिचं वाळलेलं तोंड बघवलं नाही.

"धर ग ओंजळ. वरून ओतते," साखराबाई म्हणाली. मनानं वाईट नव्हती बाई.

पंचफुलानं ओंजळ धरली. सरजाबाईनं ते लांबून पाहिलं आणि तिच्या पायाखालची माती पुन्हा एकदा पेटली. वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यायचं तिनं छप्पन्न साली सोडलं होतं, बौद्ध झाली त्या दिवशी. सून तर त्यानंतर जन्मलेली. तिला ओंजळ कशी धरतात हे ठाऊकच नव्हतं, निम्मं पाणी कोपरावरून गळून गेलं.

घरी, म्हणजे राखेवर, आल्यावर पंचफुला म्हणाली, "आत्या, रागावू नका. दूध आटायलंय मला."

"तुझ्यावर न्हाई ग रागावले," सरजाबाई म्हणाली. "तू पी. जिथं मिळंल तिथं पी. रागाचं माझ्याकडं सोड."

दुसऱ्या दिवशी किशनराव आले. लातूर जिल्हा नवा झाला होता, वर्षही पुरं व्हायचं होतं. त्या आनंदात किशनरावांनी 'नवा जिल्हा गौरव समिती' काढली होती. आनंदाला जेमतेम दोन महिने पुरेल एवढंच काम होतं. मग समिती पताका घडी घालून नुसती बसून होती. आग लागली आणि समितीला पालवी फुटली.

"काय पाह्यजे ते सांग सरजे. लाजू नको," किशनराव म्हणाले. ते राखेच्या कडेला उभे होते, धोतराचा सोगा हातात धरून.

"लाजाया काय राह्यलंय? घागरी पाह्यजेत. दोर अन् बादल्या. कूड आम्ही उभारतो, खडी फोडून खातो. पाणी तेवढं कशात आणावं ते सांगा."

"घागरी." किशनरावांनी शब्द चघळून पाहिल्यासारखं केलं. "नुसत्या घागरी? अगं समिती एवढी मोठी. नव्या जिल्ह्यातलं पह्यलं मदतकार्य. नांदेडहून देणगीदार यायलेत, पेपरवाला यायलाय. लोक म्हणतील, किशनरावनं घागरी वाटल्या."

"तहान लोकाला लागली का आम्हाला?"

"तसं न्हाई ग. मोठं कायतरी दिसाया पाह्यजे."

"मग मोठंच काढा. तुमच्या माडीवरची गावची भांडी काढा. हंडे हायत, घंगाळी हायत. चार दिवस द्या."

किशनरावांनी सोगा सोडला आणि पुन्हा धरला. "ती लग्नाची हायत. अशी उतरवत न्हाईत. रीत हाय."

ही रीत सरजाबाईला चांगली माहीत होती. गावाच्या लग्नाकार्यासाठी घरटी वर्गणी काढून ती भांडी घेतली होती, आणि वस्तीनं आपल्या वाटणीची ज्वारी घातली होती. तिचा नवरा निवृत्ती आणि वस्तीतले आणखी तिघं ती भांडी लातूर रोडच्या टेसनापासून डोक्यावर घेऊन आले होते. निवृत्तीच्या टाळूवर हंड्याच्या बुडाचा वण पडला तो मरेपर्यंत गेला नाही. एकेका भांड्याच्या काठावर नाव घातलं होतं: समस्त गावकरी, मौजे कवठाळी. पण वस्तीत लग्न निघालं की ती भांडी नेमकी कल्हईला गेलेली असायची. एवढ्या वेळा कल्हई झाली असती तर त्या कढयांमध्ये दिवसा चांदण्या दिसल्या असत्या.

"रीत," सरजाबाई म्हणाली, आणि पुढचं गिळलं. गिळलं ते पोटात गेलं नाही, घशाशीच राहिलं.

कार्यक्रमाच्या दिवशी राखेशेजारी मांडव पडला. जिल्ह्याच्या उरलेल्या पताका लागल्या. कर्णा आला, तो आल्या आल्या खाकरला. वस्तीच्या माणसांना खडीच्या कामावर खाडा करून उन्हात बसवलं, कारण मांडव पाहुण्यांपुरताच होता. मग धुरळा उडवत ट्रक आला, त्याच्यामागं जीप, आणि जीपमागं टँकर. टँकरवर कापडी फलक होता: आगग्रस्त बांधवांसाठी. पाणी बघून वस्तीतल्या बायकांचे गळे आपोआप हलले.

ट्रकचं फाळकं पडलं आणि आतून छत्र्या निघाल्या.

काळ्या कापडाच्या, वाकड्या मुठीच्या. छत्र्यांमागून रेनकोट निघाले, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट निघाले. ज्या गावात दोन सालं ढग फिरकला नव्हता, तिथं छत्र्यांचा एवढा ढीग लागला, की वरून जाणाऱ्या घारीला वाटलं आभाळ भरून आलं, आणि ती घाईनं घरट्याकडं वळली.

सरजाबाई जीपजवळ गेली. देणगीदार सिद्रामप्पा नांदेडचे व्यापारी. गोल टोपी, गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, घामानं निथळत होते.

"अप्पा, एक इचारू का?"

"इचार की."

"छत्र्या कामून आणल्या?"

सिद्रामप्पांनी इकडंतिकडं पाहिलं. माणूस व्यापारी होता, पण खोटं बोलायचं तर दुकानात बोलायचा, बाहेर नाही. "दोन सालं पाऊस न्हाई बाई. माल पडून हाय. किशनराव म्हणाले, जे असंल ते द्या, गरिबाला सगळं चालतंय."

"आम्ही घागरी मागितल्या हुत्या."

"घागरी?" सिद्रामप्पा थबकले. "अगं, शेजारचं दुकान भांड्याचंच हाय, भावाचं. मला कुणी सांगितलंच न्हाई."

तेवढ्यात टँकरचा ड्रायव्हर लिंबाजी खाली उतरला. त्याच्या हातात नळाची कळ होती आणि डोळ्यांत झोप. "मालक, पाणी कुठं सोडू? मला अजून पुढच्या गावाला खेप हाय."

"थांब जरा. मागं हुबा राहा, फोटोत दिसाया पाह्यजे," किशनराव म्हणाले. "कार्यक्रम झाला की विहिरीत सोड."

"आमच्या नावाचं पाणी विहिरीत कामून?" सरजाबाईनं फलकाकडं बोट दाखवलं. "लिंबाजी, हिथंच सोड."

"सोडतो की आत्या. भांडी आण."

भांडी. तेलाचा तो एक डबा सोडला तर होतं काय? वस्तीच्या बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. मग पंचफुला उठली, लेकरू आजीसासूच्या वयाच्या एका म्हातारीकडं दिलं आणि ढिगातला एक रेनकोट ओढला. बाह्यांना गाठी मारल्या, गळ्याला गाठ मारली, खालची बाजू तोंडासारखी वर धरली. "सोडा भाऊ."

लिंबाजीनं कळ फिरवली. रेनकोट फुगला. बघता बघता त्याला पोट आलं, छाती आली, तो माणसासारखा डुलायला लागला. अशी ढेरी त्या सालात कवठाळीत एकाच माणसाला होती, आणि तो मांडवात बसला होता. बायकांत खसखस पिकली. बाकीच्याही धावल्या. कुणी बूट धरला, कुणी छत्री उलटी उघडून वाटीसारखी केली. पण पायताणातलं पाणी तोंडाला लावायला कुणी धजेना. छत्रीचं कापड पाणी धरेना, ते काडीकाडीतून गळायला लागलं. रेनकोटाची शिवण आधी कुरकुरली, मग बगलेतून फाटली, आणि सगळं पाणी पंचफुलाच्या पायांवरून मातीत गेलं. माती एवढी तहानलेली, की ओल दिसायच्या आत तिनं ते पिऊन टाकलं.

हसणं बंद झालं.

"अरे पाण्याची नासाडी कामून लावली?" किशनराव मांडवातून म्हणाले. "बंद कर ते. या लोकाला कशाची किंमतच न्हाई."

लिंबाजीनं कळ बंद केली. पंचफुला फाटका रेनकोट हातात घेऊन उभी राहिली. तिनं तो वाकून चाटला असता तरी कुणाला नवल वाटलं नसतं.

सरजाबाई ट्रककडं गेली, कारण तिथं जुन्या कपड्यांची गाठोडी सोडत होते आणि एका गाठोड्यातून हिरवा काठ बाहेर लोंबत होता. तो काठ तिनं ओळखला. तिनं तो ओढला तसं अख्खं लुगडं हातात आलं, इरकली, पदरावर रफू केलेलं. माघात किशनरावांची आई गेली तेव्हा म्हातारीच्या अंगावर हेच लुगडं होतं. दारात जमलेल्या सगळ्या गावानं पाहिलं होतं.

सरजाबाईनं त्याची घडी घातली, अगदी सावकाश, आणि काखेत धरली.

कर्णा पुन्हा खाकरला. किशनराव भाषणाला उभे राहिले. नवा जिल्हा, नवा सरकारदरबार, नवी मदत असं बरंच नवं बोलले. शेवटी म्हणाले, "वस्ती काय, गाव काय, आपण एकच. जे आमचं ते तुमचं." मग समितीचा सेक्रेटरी उठला. वस्तीच्या वतीनं सरजाबाई आता किशनरावांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार करतील, असं त्यानं जाहीर केलं. शाल समितीचीच होती, नारळही. सरजाबाईनं फक्त हात लावायचा होता.

सरजाबाई मांडवात आली. तिनं नारळ उचलून किशनरावांच्या हातात दिला. ताटातल्या शालीला मात्र शिवली नाही. काखेतलं लुगडं झटकून उलगडलं आणि किशनरावांच्या खांद्यावरून नीट पांघरलं, हिरवा काठ बाहेर येईल असं. पेपरवाल्यानं फोटो काढला. मग त्याला कळलं आपण काय काढलं.

"किशनराव," सरजाबाई म्हणाली. नावापुढं मुद्दाम 'मालक' लावलं नाही. "वळकलं का? तुमच्या आईचं हाय. दम सुटला तवा अंगावर हुतं."

किशनरावांचा हात काठावर गेला आणि तिथंच राहिला.

"मढ्यावरचं कापड पह्यलं आमच्या घरी यायचं. आमचा मान म्हणायचे त्याला. ओंजळ बी आमचा मान, उष्टं बी आमचा मान. छप्पन्न साली माझ्या सासऱ्यानं ह्याच जागी सांगितलं गावाला, आजपासून ह्यो मान तुमचा तुमच्याजवळ ठेवा. तुमचे वडील हुते समोर. त्यांनी तुम्हाला सांगितलं न्हाई का, का तुम्ही इसरला?"

साखराबाई बायकांच्या बाजूला बसली होती. "सरजाबाई, मी बांधलं ग ते गाठुडं," ती म्हणाली. "कापड चांगलं हाय म्हणून. मनात तसलं काय नव्हतं."

"कापड चांगलंच हाय काकू. म्हातारी बी चांगली हुती," सरजाबाई म्हणाली. "म्हणूनच घरी ठेवा. आम्हाला हे लुगडं नको, ह्या छत्र्या नको. म्या घागरी मागितल्या. न्हाई मिळाल्या. आता समस्त गावकऱ्यांची भांडी खाली आणा. टँकर हुबा हाय तवर आणा. आत्ताच म्हणलात की जे आमचं ते तुमचं."

किशनराव सेक्रेटरीच्या कानाशी वाकले. कर्णा बंद करायचं मात्र दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही.

"भांडी दिली तर बाटतील," कर्णा म्हणाला.

तो कर्णा असा होता की लग्नात अर्धं गाव ऐकू येईना म्हणून शिव्या द्यायचं. त्या दिवशी त्यानं जन्मभराची भरपाई केली. 'बाटतील' हा शब्द मांडवावरून निघाला, विहिरीत उतरला, तळाला आपटून वर आला, तिकडं माळावर गुरं मान वर करून बघायला लागली. पेपरवाल्यानं पेनाचं टोपण काढलं. सिद्रामप्पांनी टोपी काढून पुन्हा घातली. किशनराव आईचं लुगडं पांघरून तसेच उभे राहिले.

वस्तीतले सगळे सरजाबाईकडं बघत होते.

"घ्या," ती हळू म्हणाली. "आलं ना शेवटी तोंडातून. आम्हाला माहीत हुतं, गावाला बी माहीत हुतं. कल्हईवाल्याचं उगं नाव खराब केलं इतकी सालं."

मग बायकांच्या बाजूला किल्ल्यांचा आवाज झाला. साखराबाई उठली होती. तिनं कमरेचा जुडगा सोडला, नवऱ्याकडं बघितलं नाही. "चला ग," ती वस्तीच्या बायकांना म्हणाली, "मला एकटीला हंडे उतरवणं व्हायचं न्हाई. माडीवर या."

"साखरा," किशनराव म्हणाले.

"लुगडं काढून ठिवा खांद्यावरचं," साखराबाई म्हणाली. "आत्याबाई वरनं बघायल्या असतील."

त्या दिवशी वस्तीच्या बायका पहिल्यांदा त्या माडीवर चढल्या. हंडे आले, घंगाळी आली, पुरणाच्या कढया आल्या, बुंदीची परात आली. मुंडावळ्यांची खोकी तेवढी पाणी धरत नव्हती म्हणून राहिली. लिंबाजीनं टँकर राखेपर्यंत मागं घेतला आणि कळ पुरी फिरवली. निवृत्तीनं डोक्यावरून आणलेला हंडा सरजाबाईनं ओळखला, त्याच्या बुडाला एका बाजूनं पोचा होता. तिनं तो स्वतः नळाखाली धरला. भरला तसं काठावरच्या अक्षरांवरून पाणी ओघळलं. पहिला तांब्या तिनं पंचफुलाला दिला. पंचफुलानं तो तोंडाला लावला आणि भांड्यानं प्यायली, घटाघटा, ओंजळ न धरता.

ऊन फार होतं. सिद्रामप्पांनी ढिगातली एक छत्री उघडली आणि पंचफुलाच्या लेकरावर धरून उभे राहिले. "एवढा तरी उपेग," ते पुटपुटले. दुसऱ्या आठवड्यात भावाच्या दुकानातनं घागरी आणि दोर घेऊन ते स्वतः आले. फोटोवाला आणला नाही. छत्र्याही वाया गेल्या नाहीत. खडीच्या रस्त्यावर वस्तीच्या बायका डोक्यावर काळ्या छत्र्या बांधून बसायला लागल्या, तेव्हा तिकडून जाणाऱ्या एका साहेबाला मोर्चा वाटला आणि त्यानं घाबरून दोन मागण्या जागच्या जागी मान्य केल्या म्हणतात. ते मात्र चाकूरच्या बाजारातलं आहे.

समस्त गावकऱ्यांची भांडी माडीवर परत गेली नाहीत. घागरी आल्यावर सरजाबाईनं ती घासूनपुसून नव्या कुडाच्या खोलीत मांडली आणि बाहेरून कुलूप घातलं. भांडी नवी घ्यावीत असं किशनराव चावडीवर म्हणाले. पण वर्गणीचं नाव निघताच, दुष्काळात, माणसं आपापलं काम आठवून उठून गेली.

वैशाखात किशनरावांच्या पुतणीचं, सिंधूचं लग्न निघालं. साखराबाई वस्तीत आली. दारात उभी राहिली, पदर सावरत. सरजाबाईनं खाली पोतं टाकलं, बसा म्हणाली. पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. साखराबाईनं तांब्याकडं पाहिलं, मग उचलला आणि प्यायली. वरून नाही, तोंड लावून.

"लग्न हाय ग सिंधूचं," ती म्हणाली.

"ऐकलं. बरं झालं." सरजाबाईच्या घशाशी अजून ते अडकलेलं होतंच, एका लग्नानं खाली जाणारं नव्हतं. तिनं कमरेची किल्ली काढली आणि हातात धरली. "किती पानं उठणार? भाताला मोठं पातेलं लागंल का दोन लहानी? पाण्याला हंडे किती? नीट सांगा काकू. आमच्याकडं इचारून देत असतेत."